सूप आमच्याकडे

कल्पना माझीच होती, त्यामुळे बोंब तरी कुणाच्या नावाने मारणार? सूप आमच्याकडे, जेवण खालच्या मजल्यावर डेंटिस्टीणबाईंकडे आणि गोड वरच्या फोटोग्राफरकडे. एकच मेजवानी, पण तीन घरांत, सगळ्यांनी मिळून जिने चढत-उतरत जेवायची. सगळे म्हणाले, वहिनी, काय डोकं आहे तुमचं. डोकं होतंच. सूप मी मुद्दाम मागून घेतलं होतं. सूप प्यायला असा वेळ तो किती लागतो? पटकन वाट्या सिंकमध्ये आणि मी घराबाहेर.

सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून मी घराला चिकटले आहे. भाजी दारात येते, औषधं दारात येतात, माझे केस कापायलासुद्धा एक मुलगी घरी येते. सासूबाईंना उठवायचं, बसवायचं, अंग पुसायचं, पाठीला पावडर लावायची, कूस बदलायची. दिवसभर माझं आपलं "आले, आले" चालू. बाई वाईट नाहीत हो. वाईट असत्या तर बरं झालं असतं, निदान चिडता तरी आलं असतं. मला फक्त एक संध्याकाळ हवी होती. दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याने शिजवलेलं, दुसऱ्याने वाढलेलं, खुर्चीला पाठ टेकून खायचं होतं. फोटोग्राफरच्या खिडकीतून मागचा रस्ता पार टोकापर्यंत दिसतो म्हणतात, तोही बघायचा होता.

सासूबाईंजवळ बसायला मी एक मावशी ठरवल्या. दवाखान्यात काम केलेल्या, अगदी पक्क्या. सासूबाईंना सांगितलं तर नुसतं "बरं" म्हणाल्या. मला वाटलं रागावल्या, म्हणून मी आठवडाभर जरा जास्तच मायेने वागले.

त्या संध्याकाळी मी ठेवणीतले कपडे घातले, केस नीट बांधले, सूप गॅसवर ठेवलं. बेल वाजली. मावशी आल्या असतील म्हणून दार उघडलं, तर डेंटिस्टीणबाई. हातात भलंमोठं पातेलं. मागे त्यांचा नवरा भाताचं भांडं घेऊन आणि त्याच्यामागे फोटोग्राफर केकचा खोका छातीशी धरून.

"सरप्राइज," माझा नवरा माझ्या पाठीमागून म्हणाला.

मला काही उमगेना. सूप प्यायला येताना जेवण कशाला आणलं?

"अगं, आठवडाभर किती टेन्शनमध्ये होतीस तू," तो म्हणाला. "आईला परक्या बाईवर टाकून गेली असतीस तरी तुझा जीव इथेच अडकला असता. म्हणून मी सगळ्यांशी बोललो. तिन्ही घरांचं इथेच करायचं. मावशींना येऊ नका म्हणून कळवलंसुद्धा."

"आणि आजींनाही आपल्यात बसता येईल," डेंटिस्टीणबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे अगदी मायेने भरलेले.

कुणी वाईट वागलं तर तोंड तरी सोडता येतं. चांगलं वागणाऱ्यांपुढे दातखीळ बसते. मी म्हणाले, "किती करता हो तुम्ही सगळे." आणि आत जाऊन मोठी ताटं काढली.

सासूबाईंना चाकांच्या खुर्चीत बसवून मधोमध आणलं. मग सुरू झालं. वहिनी, जरा मोठा चमचा द्या. वहिनी, पाणी. वहिनी, केक कापायला सुरी आहे का? तीन घरांची खरकटी भांडी माझ्या एकटीच्या ओट्यावर. मी बसलेच नाही. उभ्या उभ्या दोन घास खाल्ले, ते कशाचे होते तेही आठवत नाही. फोटोग्राफर सांगत होता, "वर्षातून एकदा घर आवरतो, नेमकं तेच वाया गेलं." सगळे हसले. मीही हसले. मला ते आवरलेलं घर बघायचं होतं हो.

केक येईतो नवरा रंगात आला. "मी काय म्हणतो, दर महिन्याला करू या. इथेच. म्हणजे कुणाची धावपळ नाही."

कुणाची नाही म्हणे.

तेवढ्यात सासूबाईंनी बोटाने मला जवळ बोलावलं. तोंड पुसायचं असेल म्हणून मी रुमाल घेऊन वाकले.

"मावशी का नाही आली?" त्यांनी कानात विचारलं.

"यांनी नको सांगितलं."

"मेल्याने घात केला," त्या पुटपुटल्या. "मला वाटलं, एक संध्याकाळ तरी तू नसशील. सारखी चादर ओढायला, कपाळाला हात लावून बघायला कुणी नसेल. निवांत पडले असते गं."

आधी मला झोंबलंच. एवढं करते आणि यांना मीच नको? मग एकदम हसू फुटलं. किती दिवसांत इतकं मोकळं वाटलं नव्हतं. दोघींना एकच गोष्ट हवी होती आणि आता ती फक्त त्यांनी बोलायची होती. घर त्यांचं, मुलगा त्यांचा. त्यांच्या शब्दापुढे कुणाची टाप होती?

मी सरळ उभी राहिले. "दर महिन्याला इथेच करायचं का, ते आईंनाच विचारा ना," मी म्हणाले. "त्यांना मावशी चालतात. विचारा."

नवरा त्यांच्या खुर्चीपुढे उकिडवा बसला. "आई, खरं सांग हं. एखादी संध्याकाळ हिच्याशिवाय राहशील?"

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग डेंटिस्टीणबाईंकडे, फोटोग्राफरकडे, केकच्या बश्या हातात धरून थांबलेल्या सगळ्यांकडे. जी सून दिवसभर आपल्यासाठी राबते, ती नको झाली आहे, असं चारचौघांत कसं म्हणायचं? माझी लाज जाईल, असं त्यांना वाटत होतं. मला ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं आणि मी मनातल्या मनात विनवत होते, जाऊ दे हो माझी लाज, बोला.

"हिच्याशिवाय?" त्या म्हणाल्या. "छे. हिच्याशिवाय मला नाही करमायचं."

डेंटिस्टीणबाईंनी डोळे पुसले. नवऱ्याने माझ्याकडे बघून मान डोलावली, बघ, मी म्हणालो नव्हतो का, अशी. मग पुढच्या महिन्याचा शनिवार तिथल्या तिथे ठरवून टाकला.

सासूबाईंनी माझा हात धरला होता, घट्ट. "चुकलंच गं माझं," त्या हळूच म्हणाल्या. मी म्हणाले, "असू दे," आणि बश्या गोळा करायला गेले.