उत्साहप्रमुख

मीटिंगला जो गैरहजर, काम त्याच्या गळ्यात, हा त्या शाळेचा अलिखित कायदा होता आणि लिहिलेल्या कायद्यांपेक्षा तो कितीतरी कसोशीने पाळला जायचा. भूगोलाचे सर त्या दिवशी दाढ काढायला गेले होते. दुसऱ्या दिवशी गाल सुजवून आले, तर शिक्षकांच्या खोलीत त्यांचं टाळ्यांनी स्वागत झालं. टाळ्या ऐकूनच त्यांना कालची मीटिंग आठवली.

"अभिनंदन! आजपासून तुम्ही उत्साहप्रमुख," चित्रकलेचे सर म्हणाले.

'कसला प्रमुख?' असं सरांना विचारायचं होतं. सुजलेल्या जबड्यातून नुसतं "हं" निघालं आणि तो होकार समजण्यात आला.

झालं होतं असं, की पालकसभेत एका पालकाने उठून तक्रार केली होती: शाळेतले शिक्षक हसत नाहीत, मुलांवर परिणाम होतो. संस्थेने लगेच मुख्याध्यापिकांना कळवलं, की दुसऱ्या सत्रात शिक्षकवर्गाचा उत्साह वाढलेला दिसला पाहिजे. बंद पंखे, दाटीवाटीने भरलेले वर्ग, लांबणारा पगार, यांबद्दल संस्थेने काही कळवलं नव्हतं. उत्साहाला खर्च येत नाही, हे संस्थेला बरोबर ठाऊक होतं.

तर सरांनी रोज सकाळी शिक्षकांच्या खोलीतल्या फळ्यावर एक प्रेरक वाक्य लिहायचं, आणि कोणी कोमेजलेलं दिसलं तर त्याला फुलवायचं. पहिल्या दिवशी त्यांनी लिहिलं, 'प्रत्येक दिवस ही एक संधी आहे.' मधल्या सुट्टीपर्यंत खाली कोणीतरी 'पळून जाण्याची' असं जोडलं होतं. अक्षर खेळाच्या सरांचं होतं. सरांनी ते पुसलं नाही. वाक्य पहिल्यांदाच पूर्ण वाटत होतं.

घरी बायको म्हणाली, "इथं तर रोज तोंड पाडून येता. तिकडं वाटून काही उरला उत्साह, तर घरी आणत जा. शिळा चालेल."

तेही खरंच होतं. सरांना आताशा सकाळी चपला घालतानाच दम लागायचा. आजार काही नव्हता. डॉक्टरांनी तपासून "वय" म्हटलं होतं आणि फी घेतली होती.

शाळेत खरा उत्साह एकाच गोष्टीचा होता, ऑफ तासाचा. आणि त्या तासावर टपलेला एक माणूस होता. कोणी शिक्षक रजेवर असला, की पर्यवेक्षक हातात चिठ्ठी घेऊन मोकळा माणूस शोधत निघायचे. व्हरांड्यात त्यांच्या चपलांची फटफट ऐकू आली, की मांजराच्या चाहुलीने उंदीर पांगावेत तशी पदवीधर माणसं पांगायची. विज्ञानाच्या बाई प्रयोगशाळेला आतून कडी लावायच्या. खेळाचे सर मैदानावर नसलेल्या मुलांना शिट्टी मारायचे. भूगोलाच्या सरांकडे जिन्याखालची नकाशांची खोली होती. गुंडाळलेले खंड, पोचे आलेला पृथ्वीचा गोल आणि एक मोडकं स्टूल. त्या खोलीत आजवर कोणी त्यांना पकडलं नव्हतं.

म्हणून त्या दुपारी दार ढकलल्यावर स्टुलावर गणिताच्या बाई बसलेल्या दिसल्या, तेव्हा सरांना आधी रागच आला. मग दिसलं, की बाई रडतायत.

गणिताच्या बाई शाळेत नव्या होत्या. याच वर्षी लागलेल्या. वयाने सरांच्या थोरल्या लेकीएवढ्या. नववीचा वर्ग त्यांच्या गळ्यात मारला होता, कारण तो कोणालाच नको होता.

"बाई, अं... प्रत्येक दिवस ही एक..." सरांनी सुरुवात केली.

"सर, प्लीज. तुम्ही तरी नको."

"बरं," सर म्हणाले, आणि त्यांना एकदम हलकं वाटलं.

बाईंनी पदराने नाक पुसलं. "चाचणीत अर्धा वर्ग नापास झाला. मी फळ्याकडे तोंड केलं, की मागून हसतात. काल एकीचे वडील येऊन म्हणाले, तुम्हाला तरी गणित येतं का? मुलांसमोर!"

"मग?"

"मग काय, मुलंही माझ्याकडे उत्तराच्या आशेने बघायला लागली." हे सांगताना बाईंना जरा हसू फुटलं आणि लगेच पुन्हा रडू. "दिरांच्या ऑफिसात हिशेबाची जागा आहे. संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचंय. मी शाळा सुटायच्या आत मुख्याध्यापिकांना सांगणार आहे. घरीही सगळे म्हणतात, सोड. सासूबाई म्हणतात, रात्री झोपेत समीकरणं बडबडतेस, आम्हाला भीती वाटते."

उत्साहप्रमुखाने इथे काय बोलावं हे नेमून दिलेलं होतं. मुलं ही फुलं असतात, वगैरे. नववीची मुलं सरांनी बारा महिने तेरा त्रिकाळ जवळून पाहिलेली होती. आणि तरी एक गोष्ट त्यांना टोचत होती. ही गेली, तर वर्षाच्या मध्यावर नववीला कोणी मिळणार नाही. अर्धी नापास झालेली ती पोरं पुढच्या वर्षी थेट बोर्डाच्या तोंडी जातील. हे तिला सांगावं, तर तिच्या मानेवर आणखी एक ओझं.

तेवढ्यात बाहेर फटफट वाजली.

दोघंही नकाशांआड शिरले. सर आशियाच्या मागे, बाई आफ्रिकेच्या.

"कोण आहे का आत?" पर्यवेक्षकांचा आवाज. मग स्वतःशीच, "गणिताच्या बाईंचा शेवटचा तास ऑफ आहे, पण बया गेली कुठं?"

बाईंनी डोळे मिटून घेतले. रात्रभर न झोपलेल्या माणसाचे डोळे मिटतात, तसे ते मिटले होते. सरांनी ते पाहिलं, आणि मग शिक्षकजातीत कोणी कधी केलं नसेल असं काम केलं. आपणहून बाहेर आले.

"मी आहे. मला द्या तास."

पर्यवेक्षक दोन पावलं मागे सरकले. "तब्येत बरी आहे ना? आत आणखी कोण आहे?"

"आशिया, आफ्रिका. सगळे जुनेच," म्हणत सरांनी दार ओढून घेतलं.

तास सातवीचा होता. नदी वळणं कशी घेते, हा धडा सरांनी खडू उचलून सुरू केला. आणि आश्चर्य! प्रश्न विचारायचा अवकाश, की हात वर. नदी कुठला काठ खाते? बाहेरचा! गाळ कुठं साठतो? आतल्या बाजूला! वळण तुटलं तर? "नालाकृती सरोवर!" अख्खा वर्ग ओरडला. मागच्या बाकावरचा, वर्षभर नुसता जांभया देणारा एक जण तर उठून फळ्यावर नदी काढून गेला. सरांना कधी नव्हे तो चेव चढला. दमलेले पाय विसरून ते बाकांमधून हिंडले. इतकी हुशार पिढी आपल्या हाताखाली आहे आणि आपल्याला पत्ताच नाही!

घंटा झाली तेव्हा पुढच्या बाकावरच्या मुलीने अदबीने विचारलं, "सर, उद्याही हाच धडा घेणार?"

"हाच म्हणजे?"

"सकाळी घेतला होतात ना, तोच."

सरांनी दारावरची पाटी वाचली. तुकडी 'अ' समजून ते 'ब'मध्ये शिकवत होते.

"मग सांगितलं नाहीत ते!"

"सर, सगळ्यांना येत होतं ना," मुलगी म्हणाली. तिच्या दृष्टीने खुलासा संपला होता.

सर खाली आले. नकाशांच्या खोलीत गणिताच्या बाई गुंडाळलेल्या महासागरांवर डोकं टेकून गाढ झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं. बाहेर मुलांचा लोंढा फाटकाकडे निघाला होता आणि मुख्याध्यापिका केबिनला कुलूप लावत होत्या.

सर दारात उभे राहिले. काही करायचं नव्हतं, एवढंच करायचं होतं. मुख्याध्यापिका घरी गेल्या, की आजचं सांगणं राहून जाणार. नववी वाचणार, संस्था खूश होणार आणि उत्साहप्रमुखाच्या खात्यावर न बोलता एक यश जमा होणार. शिवाय झोपलेल्या माणसाला उठवू नये, असं कोणीही म्हणेल.

त्यांना आपली लेक आठवली. मग त्यांनी स्टूल खडखडवलं.

"बाई, उठा. मॅडम निघाल्यात. सांगायचं असेल तर आत्ताच."

बाई दचकून उठल्या. गालावर कापडाच्या घड्या उमटलेल्या. "माझा तास?"

"मी घेतला. म्हणजे घेतला असं म्हणायचं." आणि सरांनी मान खाली घालून झालेली फजिती सांगितली. बाई आधी ओठ दाबून ऐकत होत्या. 'नालाकृती सरोवर' आलं तेव्हा त्यांना आवरेना. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या.

"आणि मुलं बोललीच नाहीत?"

"येत होतं म्हणे त्यांना. वर्षात पहिल्यांदा त्यांना सगळं येत होतं, अगं. मला कशाला थांबवतील?"

बाईंचं हसू हळूहळू ओसरलं. त्या आफ्रिकेकडे बघत बसल्या.

"नववीला मी असं कधी येऊच दिलं नाही," त्या म्हणाल्या. "पोर्शन मागे पडेल म्हणून रोज नवं. एक कळायच्या आत दुसरं." मग जरा वेळाने, "सर, मुद्दाम मागचाच धडा घेतला तर? त्यांना जेवढं येतं, तिथून?"

"पोर्शन मागे पडेल," सर म्हणाले. खोटं कशाला बोला.

"तो पडलाच आहे."

दोघं बाहेर आले. मुख्याध्यापिका जिन्यापाशी किल्ल्यांचा जुडगा पर्समध्ये टाकत होत्या. "काय हो बाई, काही काम होतं?"

बाईंनी तोंड उघडलं. सरांनी पायातल्या चपलेकडे पाहिलं.

"हो मॅडम. नववीची पुढची चाचणी पुढं ढकलायची होती."

"ढकला," मुख्याध्यापिका दमलेल्या आवाजात म्हणाल्या. "सगळं ढकलतच चाललंय. त्यात तीही ढकला."

त्या गेल्या. बाईंनी फोन काढला आणि खांबाआड जाऊन दिराला लावला. सरांना ऐकायचं नव्हतं, पण व्हरांडा रिकामा होता.

"भाऊजी, आत्ता नाही हो जमणार... नाही नाही, कोणी अडवलं नाही. परीक्षा झाल्यावर बघू. हो, एकदा परीक्षा होऊ दे."

सरांनी पिशवी खांद्याला लावली. लग्नाच्या वर्षी सासरे दुसरी नोकरी देत होते, तेव्हा आपणही त्यांना अगदी हेच शब्द सांगितले होते, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यानंतर दरवर्षी परीक्षा झाली होती. हे आत्ताच तिला सांगावं की परीक्षा झाल्यावर, याचा विचार करत ते फाटकाकडे चालू लागले.