उजव्या डोळ्यातला मारेकरी

मारणं हाच माझा धंदा. मी लायसोझाइम, अश्रूंत राहणारं विकर, म्हणजे एन्झाइम, आणि बोलतोय ते कारखान्यात ग्राइंडर चालवणाऱ्या एका बाईच्या उजव्या डोळ्यातून.

एकशेतीस अमिनो आम्लांची माळ वळत, दुमडत गेली, गंधकाच्या चार टाक्यांनी पक्की शिवली गेली, तो मी. माझ्या अंगात एक खाच आहे. जिवाणूच्या भिंतीतली साखरेची साखळी खाचेत धरायची आणि पाण्याच्या मदतीनं तिची कडी तोडायची. म्हणून शास्त्रज्ञ मला पाण्यानं बंध तोडणाऱ्या विकरांत बसवतात. कोंबडीच्या अंड्याचा पांढरा भाग राखणारा माझा चुलतभाऊ. हंसाच्या अंड्यातलं घराणं वेगळं, शिंपल्यांचं त्याहून वेगळं. काम एकच. भिंत फाटली की आतल्या दाबानंच जिवाणू फुटतो.

माझं आयुष्य काही मिनिटांचं. मी वाहून जातो, जागेवर दुसरा येतो. सगळे एकाच साच्यातले, म्हणून सगळ्यांना मिळून 'मी' म्हणतो.

त्या दुपारी चाकावरून उडालेला तापलेला लोखंडाचा कण बुबुळात रुतला. बाई मशीन बंद करून खाली बसली. शेजारच्या लेथवरून तिचा थोरला भाऊ धावत आला.

"चोळू नकोस. वर बघ."

"दादा, काढ लवकर. जळतंय."

त्यानं हाती लागलं ते फडकं लेथ गार ठेवणाऱ्या शिळ्या पाण्यात बुचकळलं आणि डोळा पुसला. कण निघाला नाही. जखमेत जिवाणू मात्र उतरले.

कातडीवरचे गोल जिवाणू आधी आले. त्यांना मी शेंगा सोलाव्यात तसं सोललं. मग त्या पाण्यातले काठीसारखे आले. त्यांच्या भिंतीवर आणखी एक स्निग्ध चिलखत होतं. माझी खाच भिंतीपर्यंत पोचेना. अश्रूंतला माझा जोडीदार लॅक्टोफेरिन चिलखताला भोकं पाडी, तेवढ्यातून मी घुसून कापी. एक मारावा तर शंभर उभे. ते बुबुळावरचा पारदर्शक पडदा पोखरून खाऊ लागले. सकाळी डोळा पुवानं चिकटला होता.

डॉक्टरीणबाईंनी सुईनं कण उपटला.

"डोळा कशानं पुसला होता?"

"मीच हातानं चोळला," बाई म्हणाली.

दादा दाराशी उभा होता. तो पुढे आला. "खोटं बोलतेय ती. मी पुसला. मशीनच्या पाण्यातल्या फडक्यानं."

डॉक्टरीणबाईंनी आधी लिहिलेली औषधाची चिठ्ठी फाडली. "बरं झालं सांगितलंत. औषध दुसरं लागेल. नाहीतर हा डोळा गेला असता."

नव्या थेंबांनी चिलखतं फाटली. मग मी सूड घेतला. तीन दिवस नुसती कत्तल. थेंब दर तासाला दादाच घालत होता, पण बहिणीशी नजर मिळवत नव्हता.

आज, महिन्याभरानं, डोळा नीट उघडला. पडद्यावर पांढरा वण राहिलाय, तो जाणार नाही. डावा डोळा हातानं झाकून ती भावाकडे बघतेय.

"काही दिसतंय का गं?" त्यानं विचारलं.

"तुझं नाक दिसतंय. बाकी धुरकट. पण दादा, नाक दिसलं म्हणजे माणूस ओळखता येतो."

तो हसता हसता रडायला लागला, आणि तिचाही डोळा भरला. मी पापणीच्या काठावर आलोय, आता ओघळणार. जाता जाता एवढंच सांगतो: डोळ्यात काही रुतलं तर तडक डॉक्टर गाठा. मी मारू शकतो, पण उपटून काढू शकत नाही.