उचलली जीभ

आईच्या मते माझ्या जिभेला हाड नाही. या जिभेपायी मी दोन नोकऱ्या घालवल्या. पहिल्या ठिकाणी मालकाला त्याच्या बायकोसमोर सांगितलं की केक शिळा आहे. दुसऱ्या ठिकाणचं सांगण्यासारखं नाही, पण खरं मीच बोलत होते.

म्हणून या तिसऱ्या हॉटेलात सू-शेफच्या, म्हणजे स्वयंपाकघरातल्या दोन नंबरच्या जागेसाठी मला तीन आठवडे चाचणीवर घेतलं, तेव्हा आईने फोनवर बजावलं, "हे बघ बाई, तिथे जीभ फक्त चव घ्यायला वापर. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं करू नकोस." मलाही ही जागा हवीच होती. कांदे सोलण्यापासून इथवर यायला बारा वर्षं लागली होती, आणि हीही गेली तर चौथं हॉटेल मला दारात उभं करणार नव्हतं.

जागा एक, उमेदवार दोन. दुसरा गोडबोल्या. हे नाव मीच ठेवलेलं. त्याच्या हाताला चव होती, नाही म्हणणार नाही. पण शेफनी नुसतं पाणी उकळलं तरी हा "वा!" म्हणायचा. मी मात्र वीस दिवस तोंडाला कुलूप लावलं. माझं मलाच नवल वाटत होतं.

एकविसाव्या दिवशी दुपारी चाळीस जणांची मेजवानी होती. माशावर घालायचा सॉस शेफनी स्वतः केला आणि मला खिडकीपाशी उभं केलं. भरलेली ताटं या खिडकीतून बाहेर जातात, आणि तिथे उभं राहणाऱ्याने चाखल्याशिवाय काही सोडायचं नसतं. मी चमचा जिभेला लावला. मिठाचा खडा चघळल्यासारखं झालं.

गोडबोल्यानेही चाखला. त्याचे डोळे क्षणभर बारीक झाले, ते मी पाहिले. मग म्हणाला, "वा शेफ! काय जमलाय!"

मी गप्प बसले असते तर जागा कदाचित मिळाली असती. आईचे शब्दही कानात होते. पण बाहेर चाळीस माणसं भुकेली बसली होती, आणि त्यांचं काय चुकलं होतं?

"शेफ, खारट झालाय."

भांडी घासणाऱ्या मावशींनी नळ बंद केला.

"काय म्हणालीस?"

"खारट. मी हा बाहेर सोडणार नाही."

"इथे शेफ कोण आहे?"

"तुम्ही. पण खिडकीत तुम्हीच मला उभं केलंय."

शेफनी एक चमचा घेतला. मग दुसरा. चेहऱ्यावर राग नाही, काहीच नाही. तेव्हा माझी ट्यूब पेटली. सकाळपासून हा माणूस नाकातून बोलत होता. सर्दीने त्यांना चवच लागत नव्हती! हे मात्र मी चारचौघांत बोलले नाही. जीभ कुठे आवरायची ते मलाही कळतं, आईला काहीही वाटो.

"किती वेळ लागेल?" शेफनी विचारलं.

"दहा मिनिटं. माशाचे काटे उकळून केलेला बिनमिठाचा स्टॉक मी रोज बाजूला काढून ठेवते."

मी पातेलं चढवलं. "लोणी आणा! लिंबू पिळ!" दुसरा हुकूम गोडबोल्याला होता. तो "हो" म्हणाला आणि खरंच पिळू लागला. नवव्या मिनिटाला पहिलं ताट खिडकीतून गेलं. चाळीसच्या चाळीस ताटं चाटूनपुसून परत आली. "आज घासायला काही ठेवलंच नाही," मावशी म्हणाल्या.

संध्याकाळच्या सुपाचं पातेलं उकळत होतं. शेफ आले, सगळ्यांदेखत चमचा माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "घ्या, सू-शेफ. आधी तुम्ही."

वीस दिवस मला 'तू' म्हणणारा माणूस! माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तरी मी चाखलं आणि सांगितलं, "मिरी कमी आहे."

मागच्या दारात जाऊन आईला फोन लावला. तिने हॅलोसुद्धा म्हटलं नाही. "काय गं, नडली ना जीभ?"

"नाही आई," मी म्हटलं, "नोकरीला लागली."