लैलाचा बिल्ला

"फाईल कुणाकडं हाय, एवढंच सांगा. बाकी मला काय बी नको."

बाजीराव लोंढे दाराच्या चौकटीत उभे राहून विचारत होते आणि ऑफिसातली माणसं माना खाली घालून बसली होती. काचेच्या खिडकीबाहेर दाखल्यासाठी आलेल्या पोरांची रांग पायऱ्या उतरून सायकल स्टँडपर्यंत गेली होती. कॉम्प्युटरवर पुन्हा तीच इंग्रजी ओळ उमटली होती. करुणाने ती पुन्हा मराठीत सांगितली, "ही फाईल दुसरं कुणीतरी वापरतंय, असं म्हणतोय."

"म्हंजे घेतलीया कुणीतरी. घेतल्याबिगर तो असं म्हणंल कशाला?"

"मीपण तेच शोधतेय, काका," करुणा म्हणाली.

करुणा कॉलेजात नव्यानेच आलेली कॉम्प्युटरची शिक्षिका. त्या वर्षी, म्हणजे नव्याण्णवच्या जूनमध्ये, दाखले हाताने लिहायचे बंद करून तिने एक सोय केली होती. कारकुनाने कॉम्प्युटरच्या पानावर विद्यार्थ्याचा नंबर टाकायचा आणि बटण दाबायचं. आतल्या खोलीतला मोठा सर्व्हर आपणहून वर्ड उघडायचा, दाखल्याच्या कोऱ्या नमुन्यात नाव, वर्ग, जन्मतारीख भरायचा आणि दाखला प्रिंटरमधून बाहेर. सकाळी सगळं झकास चालायचं. दुपार झाली की नमुन्याची ती एक फाईल कुणाच्या तरी ताब्यात जायची आणि मग सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करेपर्यंत बारामतीतली निम्मी पोरं ऊन खात उभी.

ऑफिस सुपरिंटेंडेंट देवकात्यांनी फाईल कोण धरतंय ते शोधायचं काम बाजीरावांवर सोपवलं ते उगाच नाही. कॉलेज निघाल्यापासून बाजीराव तिथे रेकॉर्ड कीपर होते. रेकॉर्डरूममधल्या प्रत्येक कपाटाशेजारी त्यांनी खिळ्यांची एक फळी ठोकली होती, आणि ऑफिसातल्या प्रत्येक माणसाच्या नावाचा लाकडी बिल्ला करून घेतला होता. फाईल न्यायची तर बिल्ला खिळ्याला अडकवायचा. फाईल परत आली की बाजीराव आधी तिची पानं चाळणार, मग ती जागेवर ठेवणार आणि मग बिल्ला काढून स्वतः त्या माणसाच्या हातात देणार. त्याशिवाय माणूस सुटला नाही. एका प्राचार्यांची बदली झाली तेव्हा निरोपाचा हार गळ्यात असताना बाजीरावांनी त्यांना गाठून फाईल मागितली होती. त्यांची बायको सारजा म्हणायची, "विहारात वंदनेला बसला तरी तुमचा एक डोळा बाहेरच्या चपलांवर असतोय." ते खोटं नव्हतं. त्यांच्या गावच्या, पिंपळीच्या विहारातून त्यांची चप्पल आजवर हरवली नव्हती, हेही खरं.

तेव्हा फाईल कुणीतरी घेतलीय आणि घेणारा कबूल होत नाहीये, एवढं कळल्यावर बाजीरावांना कॉम्प्युटर कळायची गरज उरली नाही. डोळ्यांत तेल घालून ते नजर ठेवू लागले. कधी पाणी प्यायच्या निमित्ताने यायचे, कधी पंख्याचं बटण बघायला. कोण उठलं, कोण बसलं, कुणाच्या मागोमाग गाडी अडली. आणि बघता बघता त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती लैलाच्या खुर्चीपाशी.

लैला मुलाणी. टायपिंगची परीक्षा पास होऊन नोकरीला लागली तेव्हा पहिला बिल्ला बाजीरावांनी तिला स्वतः रंगवून दिला होता. तेव्हापासून ती त्यांना आबा म्हणायची. दुपारचा डबा दोघं रेकॉर्डरूममध्येच खायची. सारजाच्या हातची शेंगदाण्याची चटणी तिला लागायची, आणि ईदचा शिरखुर्मा पिंपळीला पोहोचवल्याशिवाय तिच्या घरी कुणी तोंड गोड करत नसे.

म्हणून आधी त्यांनी स्वतःलाच दटावलं. पण डोळ्यांना कोण दटावणार? लैलाने नंबर टाकला, कपाळाला आठी घातली, की थोड्या वेळात गाडी अडलीच. दुसऱ्या कारकुनांचं तसं होत नव्हतं. शिवाय ऑफिसात कॉम्प्युटर आले म्हणून लैलाचा टाइपरायटर मार्चमध्ये काढून घेतला होता. तो आता रेकॉर्डरूमच्या कोपऱ्यात फडक्याखाली होता, आणि ती अधूनमधून त्यावरची धूळ झटकायला यायची. आधी बाजीरावांना त्याचं कौतुक वाटायचं. आता वाटायला लागलं, हिला कॉम्प्युटर नकोच आहे. तो बंद पडावा, मशीन परत मिळावं, एवढ्यासाठी ही काहीतरी करत असणार.

एकदा जेवताना त्यांनी विचारलं, "का गं, उठताना तू समदं बंद करून येतीस न्हवं?"

"करते की, आबा."

"समदं?"

लैलाने भाकरीचा तुकडा हातातच ठेवला. "समदं म्हंजे काय?"

"काय न्हाय. खा तू."

त्यानंतर तिने पुन्हा एक जुनी फाईल मागितली. मधल्या काही वर्षांच्या प्रवेश अर्जांची. बिल्ला अडकवला, फाईल नेली. बाजीरावांना तेवढं पुरे झालं. दाखले आताच्या पोरांचे, मग हिला जुने अर्ज कशाला? इथेच पाणी मुरतंय.

संध्याकाळी ती फाईल परत घेऊन आली. देवकातेही तिथेच उभे होते. बाजीरावांनी फाईल घेतली, नेहमीसारखी चाळली, जागेवर ठेवली आणि वळून म्हणाले, "लैला, ती दाखल्याची फाईल तूच धरून ठेवतीस. खरं बोल."

ती बघतच राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "आबा, तुमी इचारताय का सांगताय?"

बाजीरावांनी कपाटाला कुलूप लावलं. देवकात्यांना तेवढंच हवं होतं. ऐन प्रवेशाच्या दिवसांत वरून रोज फोन येत होते, आणि कुणाचं तरी नाव सांगता आलं म्हणजे त्यांची सुटका होणार होती. लैलाची रवानगी संस्थेच्या इंदापूरच्या कॉलेजात झाली. तिचं घर, म्हातारी आई, सगळं बारामतीत. रोज एसटीने जाऊन-येऊन करायचं. तिने भांडण केलं नाही, की रडलीही नाही. टेबलाचा खण रिकामा केला, पिशवी खांद्याला लावली आणि रेकॉर्डरूमच्या दारावरून न थांबता गेली.

आणि पुढच्याच सोमवारी दुपारी गाडी पुन्हा अडली.

लैलाच्या खुर्चीवर आता दुसराच कारकून होता. करुणा सर्व्हरच्या खोलीतून बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. "काका, जरा आत या," ती म्हणाली.

पडद्यावर एक लांब यादी होती आणि तिच्यात एकच नाव खालपर्यंत पुन्हा पुन्हा आलं होतं.

"हे सगळे वर्ड उघडे राहिलेत," करुणा म्हणाली. "काही मुलांची जन्मतारीख कॉम्प्युटरात भरलेलीच नाही. अशा मुलाचा नंबर आला की माझा प्रोग्राम मध्येच ठेचकाळतो आणि बाहेर पडतो. फाईल बंद कर, वर्ड सोडून दे, हे मी पार शेवटी लिहिलं होतं. तिथपर्यंत तो पोचतच नाही. मग तो वर्ड फाईल धरून आत तसाच बसून राहतो. कुणाला दिसत नाही."

"मग घेतली कुणी?"

"कुणीच नाही, काका. माझ्या प्रोग्रामनंच."

"पण लैला बसली की अडायचं. मी सोता बगितलंय."

करुणा म्हणाली, "मधल्या वर्षांत प्रवेश घेतलेली पोरं बाकीचे कारकून लैलाताईकडं पाठवायचे, आणि त्यांच्यातच काहींची तारीख भरलेली नाही. ती जुने अर्ज काढून तारीख शोधायची, कॉम्प्युटरात भरायची आणि दाखला द्यायची. पण आधी एकदा नंबर टाकल्याशिवाय तारीख नाही हे तिला तरी कसं कळणार? आता ती पोरं या नव्या कारकुनाकडं येतायत."

तिने प्रोग्राम दुरुस्त केला. दाखला निघो की अडो, फाईल बंद झालीच पाहिजे आणि वर्ड सुटलाच पाहिजे, अशी सोय केली. देवकात्यांकडे जाऊन आपली चूकही सांगितली. देवकाते म्हणाले, "बरं झालं सापडलं. पण ऑर्डर आता निघालीया, ती काय माघारी यायची न्हाय."

बाजीराव रेकॉर्डरूममध्ये आले. जुन्या अर्जांची फाईल जागेवर होती. शेजारच्या खिळ्याला लैलाचा बिल्ला लटकत होता. त्या संध्याकाळी फाईल तिने त्यांच्या हातात दिली होती, आणि तिच्यावर आळ घ्यायच्या घाईत ते बिल्ला द्यायला विसरले होते. उभ्या जन्मात त्यांच्याकडून असं झालं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, इतकी की ते तिथेच स्टुलावर बसले.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते एसटीने इंदापूरला गेले. लैला खिडकीमागे टाइप करत होती. त्यांना बघून उठली, खुर्ची दिली.

"या, लोंढेसाहेब."

बाजीरावांना वाटलं, मागे कुणी दुसराच उभा आहे. मग त्यांनी खिशातून बिल्ला काढून टेबलावर ठेवला. "लैला, माजी चूक झाली. फाईल कुणीच धरली नव्हती. करुणाला घावलं काय ते. मी तुज्यावर उगा आळ घेतला, पोरी."

"करुणा म्याडमचा फोन आलता. कळलं मला."

"तुजा बिल्ला राह्यला व्हता माज्याकडं."

लैलाने बिल्ला उचलला, त्यावरच्या आपल्या नावावरून बोट फिरवलं आणि परत त्यांच्यासमोर ठेवला. "तिकडंच असू द्या. हितं फाईल न्यायला बिल्ला लागत न्हाय, साहेब. मागितली की देत्यात."

तिने चहा मागवला, सारजाबाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली. चहा होईपर्यंत बाजीराव 'आबा' या एका शब्दाची वाट बघत होते. ती त्यांना फाटकापर्यंत सोडायला आली, पाहुण्यांना सोडायला येतात तशी, आणि म्हणाली, "सावकाश जावा, साहेब."

बारामतीला उतरले ते थेट कॉलेजात. ऑफिसात प्रिंटर एकसारखा चालू होता आणि रांग भराभर पुढे सरकत होती. "काका, सकाळपासून एकदा पण अडलं नाही!" करुणा आतूनच ओरडली.

बाजीरावांनी रेकॉर्डरूम उघडली. बिल्ला हातात घेऊन ते फळ्यांसमोर उभे राहिले. लैलाकडे कुठलीच फाईल नव्हती, आणि बिल्ला परत द्यायला लैलाही नव्हती. कुठल्या खिळ्याला तो अडकवायचा हे त्यांना कळेना. प्रिंटर थांबेपर्यंत ते तसेच बिल्ला धरून उभे होते.