अर्ध्या टाळूचा प्रयोग

त्वचारोगाच्या दवाखान्यात रक्त फिरवायचं यंत्र मी चालवते. नळीसमोर तेवढ्याच वजनाची दुसरी नळी ठेवल्याशिवाय झाकण लावत नाही. माझ्या हातून चूक होत नाही, असं मी घरीदारी ऐकवत असे.

दादाचे टाळूवरचे केस विरळ व्हायला लागले, अगदी बाबांसारखे, तेव्हा तो आमच्याकडेच आला. त्याचंच रक्त काढायचं, मी ते फिरवून प्लेटलेटवाला पिवळसर प्लाझ्मा वेगळा करायचा आणि डॉक्टरबाईंनी तो टाळूत टोचायचा, असा उपचार.

"काहींना फरक पडतो, काहींना नाही," बाई म्हणाल्या. "हमी देत नाही."

झालं, माझ्या डोक्यात किडा वळवळला. आपल्या डोळ्यांनीच का बघू नये?

"अर्ध्या टाळूत प्लाझ्मा, अर्ध्यात नुसतं सलाईन," मी दादाला म्हटलं. "कुठे काय, ते सांगणार नाही."

"मी काय ससा आहे?"

"अर्धाच."

तो हसला, पण लगेच गंभीर झाला. "सहा महिने. नाही जमलं तर सगळं भादरून टाकणार. रोज उशीवरचे केस बघून वीट आलाय मला."

बाईही तयार झाल्या. महिन्याच्या अंतराने तीनदा सुया टोचल्या. मी ट्रे धरून दादासमोर उभी असायचे. वहीत लिहिलं, 'प्लाझ्मा उजवीकडे.' मग दर महिन्याला त्याच्या पाठीमागे बसून, भिंगातून, दोन्ही बाजूंच्या ठिपका गोंदलेल्या चौकोनांतले केस मोजायचे.

सहाव्या महिन्यात उजवीकडे जैसे थे. डावीकडे अठरा केस जास्त! सलाईनने केस वाढले? मी चक्रावले, पुन्हा मोजलं. अठराच.

"एका डोक्यावरून काही ठरत नाही," बाई म्हणाल्या.

"माझं ठरलं," दादाचा चेहरा पडला होता. "औषधाच्या बाजूला काही नाही ना? चल सलूनमध्ये."

तिथे चष्मा माझ्याकडे देऊन तो खुर्चीत बसला. मी आरशाशेजारी, त्याच्याकडे तोंड करून स्टुलावर. सलूनवाल्याने मशीन लावलं. दादाची डावी बाजू भराभर साफ झाली. ती माझ्या उजव्या हाताला होती. ट्रे धरून उभी असायचे तेव्हाही तशीच असायची.

मी ताडकन उठले. "थांबा! थांबा!"

मशीन थांबलं. वहीतली उजवी बाजू माझी होती, दादाची नव्हे. मी सगळं सांगून टाकलं. शरमेने रडूच कोसळलं. "प्लाझ्माच्या बाजूला आले होते रे दादा. आणि आता..."

ते आता फरशीवर पडले होते.

दादाने तुळतुळीत अर्ध्या डोक्यावरून हात फिरवला. किती तरी दिवसांनी त्याच्या आवाजात हुरूप होता.

"परत येतील ना?"

"इकडचे तर येतील."

"मग तिकडचेही काढा," तो सलूनवाल्याला म्हणाला. "पुढच्या वेळी दोन्हीकडे प्लाझ्मा. आणि तू गं, माझ्या मागे उभी राहून लिही."