उलटी झाकणं

गोदामातलं एक पिंप गळायला लागलं म्हणून ओडेसाने त्याचं झाकण काढलं. झाकणाच्या आतल्या बाजूला, कोळशाच्या थराखाली, दुसऱ्याच दारूभट्टीचा शिक्का होता. म्हणजे पिंप जुनं होतं. कोणीतरी ते आतून तासून पुन्हा जाळलं होतं आणि शिक्का दिसू नये म्हणून झाकण उलटं बसवलं होतं.

केंटकीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, बर्बन व्हिस्की मुरवायची ती नव्या कोऱ्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपात. जुन्यातली कितीही झकास लागो, तिला बर्बन म्हणता येत नाही. ओडेसाने शेजारचं पिंप उघडलं. तेच. त्याच्या पलीकडचंही तेच. त्यांच्या भट्टीचा हा पहिलाच माल, आणि तो बर्बन म्हणून विकला गेला नाही तर भट्टीला कुलूप. पिंपांना हात लावायचा तो फक्त होबार्ट, तिचा बाप.

होबार्ट ओसरीवर गोधडी पांघरून बसला होता. छाती पार निकामी झाली होती. डॉक्टरनेही आशा सोडली होती. मांडीवर छापून आलेलं लेबल होतं: ‘होबार्ट स्टँपर, केंटकी बर्बन’.

“बाबा, पिंपं जुनी आहेत.”

म्हातारा लेबलावरून बोट फिरवत राहिला. “भट्टी सुरू करायची त्या वर्षी नवी मिळेनात, पोरी. मोठ्या कंपन्यांनी सगळी उचलली. तू बॅग भरून ओहायोला निघालेली. भट्टी पेटली नसती तर थांबली असतीस?”

“आणि वर व्हिस्कीत साखर घालून लोकांना फसवतो म्हणून रूफसकाकाशी बोलणं टाकलंत! लाज नाही वाटली?”

“वाटली ना. रोज वाटली.” त्याला खोकल्याची उबळ आली. “मी असेपर्यंत गप्प बस गं. पाया पडतो तुझ्या.”

तिला त्याचा भयंकर राग आला आणि त्याहून जास्त कीव आली. तिने त्याच्याजवळच्या पेल्यातली, त्याच पिंपांतली व्हिस्की चाखली. वाईट निघावी, ओतून टाकता यावी, असं तिला मनापासून वाटत होतं.

“कशी आहे?”

“इतकी झकास कोणी केली नसेल, बाबा.” तिला रडू फुटलं. “पण बर्बन नाही.”

तिच्या बोटाला झाकणाचा कोळसा लागलेला होता. त्याच बोटाने तिने लेबलावरचा ‘बर्बन’ शब्द काळा केला.

“त्यापेक्षा माझं नाव खोड,” होबार्ट म्हणाला.

“नाव राहणार, बाबा,” ती डोळे पुसत म्हणाली. “तुम्हीच केलीय ती.”