शालीवरचं रफू

रफूवाल्याचा हात असा, की फाटलं होतं कुठे ते गिऱ्हाइकालाही सापडू नये. याच गुणावर त्याने आयुष्यभर संसार केला आणि याच गुणाने शेवटी त्याचा घात केला.

दोन महिन्यांपूर्वी बायको त्याचा डबा घेऊन दुकानाकडे निघाली होती. वाटेतल्या बांधकामाच्या परांचीवरून लोखंडी गज सुटला तो थेट तिच्या उजव्या खांद्यावर. खाली जाळी नाही, साधी दोरीसुद्धा बांधलेली नाही. मुकादम मात्र मोठा देवमाणूस हो! स्वतःच्या गाडीतून तिला इस्पितळात नेलं आणि कागदावर लिहवून घेतलं, ‘घरच्या जिन्यावरून पडली.’ बाई बेशुद्ध, नवरा दुकानात. खोट्याला रान मोकळं. मजुरांनी पोटाच्या भीतीने तोंडाला कुलूप लावलं. बाईचा हात तेव्हापासून लोंबतोय.

शेवटी दोघं एका वकीलबाईंकडे गेली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. रस्त्याने जाणाऱ्यालाही भरपाईचा दावा लावता येतो, पोलिसांत तक्रारही करता येते, असं त्या म्हणाल्या. पण इस्पितळाचा कागद उलटा बोलतोय, तेव्हा गज पडल्याची काहीतरी खूण हवी. त्या दिवशीचे कपडे आहेत का?

“ही शाल होती की अंगावर,” बायको हुरूपाने म्हणाली. “टराटरा फाटली होती. गंजाचा हा एवढा डाग होता.”

वकीलबाईंनी शाल खिडकीशी नेऊन उजेडात धरली, उलटसुलट केली. फाटल्याची खूण कुठेच दिसेना. बायको इस्पितळात असताना रफूवाल्याने लिंबाने तो डाग काढला होता. मग शालीच्याच काठातले धागे उपसून आठ दिवस तो रफू करत बसला होता. ती घरी येईल तेव्हा तिला ते फाटकं दिसू नये, एवढंच त्याच्या मनात होतं. गाढवच तो, पण मायेने झालेला गाढव.

“आत्ता उसवतो,” म्हणत त्याने खिशातली सुई काढली.

“नको,” वकीलबाई म्हणाल्या. “आता उसवलंत तर ते भोक तुम्हीच पाडलंत म्हणतील.”

परतताना ते बांधकाम लागलं. तिथे आता नवीकोरी जाळी लावली होती. वाऱ्याने बायकोची शाल घसरली आणि हात उचलेना म्हणून ती थांबली. त्याने शाल सावरून दिली. गज लागला ती जागा त्याची बोटं चाचपत राहिली, आणि ती त्यालाही सापडली नाही.